सायला हवी कातडी

१८ ऑगस्ट

आजपासून मी कमावती! एकलहऱ्याच्या कॉलनीतून दिंडोरीजवळच्या मळ्यात बिऱ्हाड हलवलं. चारी बाजूंनी द्राक्षबाग, मधे बंगला, आणि बंगल्यामागे एसीची खोली. तिच्यात साप. आईला ‘प्राण्यांच्या देखभालीचं काम’ एवढंच सांगितलंय. साप म्हटलं असतं तर तिनं माझी बॅग दारातच उपसली असती.

मालक योगेशदादा बोलघेवडे आहेत. त्यांचे साप अमेरिकेकडचे, कॉर्न स्नेक जातीचे, बिनविषारी, परवाने रीतसर. पण त्यातल्या काहींच्या अंगावर खवलेच नाहीत. मुद्दाम तशा जोड्या लावून तशी पिल्लं काढतात. दादांनी एक माझ्या हातात दिला. काय सांगू! सोललेल्या द्राक्षासारखा मऊ, आणि रंग असे चटक की खवल्यांचे साप शेजारी धुरकट दिसावेत. मी तिथंच विरघळले.

खवल्यांवाचून त्यांना त्रास नाही का होत, असं विचारलं. दादा हसले. “आमच्या द्राक्षात बी असतंय का ज्योत्स्नाताई? लोकांना नको, आपण काढलं. वेलीला काय त्रास झाला?” मी झूलॉजीची पदवीधर, पण मलाही हे पटलं.

९ सप्टेंबर

अंडी फुटली. निम्मी पिल्लं खवल्यांची, निम्मी नागडी. गिऱ्हाईकं येतात, बोट फिरवतात, ‘कित्ती मऊ!’ म्हणतात. त्या मऊपणाची निगा मात्र माझ्याकडे. नागड्यांना भुसा टोचतो, लाकूड टोचतं, मऊ कागदावर ठेवलं तरी ओरखडे उठतात. मग जखम चिघळते आणि पिल्लू जातं.

नागड्यांतली सगळ्यात बारीक आहे तिचं नाव मी साय ठेवलं. दुपारी तिला तळहातावर घेऊन बसते, ती मनगटाशी वेटोळं करून गप्प पडते. साप माणसावर प्रेम करत नाहीत, ऊब शोधतात, हे मला पाठ आहे. असू दे. मला ही जगवायचीय.

२४ सप्टेंबर

आज नवलच झालं. खवल्यांच्या एका पिल्लानं कात टाकली होती. उचलायला गेले तर साय तिच्यात शिरून बसलेली, थेट शेपटीपर्यंत, थोरल्या बहिणीचा फ्रॉक घालावा तशी. आधी हसू आलं, मग ती कात तशीच तिच्या अंगावर राहू दिली. योगेशदादा म्हणाले फोटो काढा, भारी दिसतंय. त्यांच्या आई सगुणाबाई खोलीत पाऊल टाकत नाहीत. त्या दारातूनच म्हणाल्या, “तिला थंडी वाजती पोरी. उघडं अंग हाय ना.”

७ ऑक्टोबर

वणीच्या गडावर जाऊन आले. माणसं देवीजवळ नोकरी मागतात, नवरा मागतात. मी एका सापाचं आयुष्य मागितलं. पुजाऱ्यांना सांगायची सोय नव्हती! मनगटात देवीचा दोरा बांधलाय. सायला तो फार आवडला. डोकं त्याखाली खुपसून झोपते. नागड्यांपैकी आता ती आणि आणखी तीनच उरलीत.

१६ ऑक्टोबर

बागेची छाटणी झाली. सुरगाण्याच्या मजुरांची एक जीप आलीच नाही, म्हणून सगुणाबाईंनी घरच्या सगळ्यांना कामाला जुंपलं. छाटणीनंतर वेलीवर राहिलेल्या काड्यांना एकदम कोंब फुटावेत म्हणून त्यांना लाल औषध लावतात. विषारी असतं, म्हणून हातमोजे. माझे ढगळ होते, सारखे घसरत होते, मनगटावर ओघळ आले. काम संपल्यावर टाकीवर साबणानं खसखसून हात धुतले. सगळे तसंच करतात. मग जेवले, आणि रोजच्यासारखी सायला घेऊन बसले.

१७ ऑक्टोबर

साय गेली.

हात धुतले होते. दोरा धुतला नव्हता. देवीचा दोरा काढायचा नसतो, म्हणून तो तसाच राहिला, औषधानं भिजलेला. आणि तिनं डोकं त्याच्याखालीच— खवले असते तर कदाचित वाचली असती. तिचं अंग सगळंच आत घ्यायचं, ऊब काय आणि विष काय.

दादा म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या खेपेला दहा निघतील. मला दहा नको होती. मला साय हवी होती. तिला बागेच्या कडेला पुरलं आणि मजुरांसमोर मोठ्यानं रडले. माझ्याच हातानं मेली ती.

२१ ऑक्टोबर

माझ्या तळहातांची सालपटं निघतायत. डॉक्टर म्हणाले त्या औषधानं होतं असं. मलम दिलंय. खोलीत काम करताना एक मोठा पापुद्रा गळून पडला. शोधला, मिळाला नाही.

२३ ऑक्टोबर

उरलेली तिघं काचेला तोंड लावून असतात. खात नाहीत. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे तो टक लावून बघतोय असं वाटतंच, मला माहीत आहे. पण मी हात हलवला की तिन्ही डोकी हलतात.

पापुद्रा सापडला. एकानं अंगावर घेतलाय.

२६ ऑक्टोबर

दादांना हात जोडले. आता नका जोड्या लावू म्हटलं. ते म्हणाले तुम्ही चार दिवस घरी जाऊन या, आणि माझ्यासमोर नवी जोडी एकत्र सोडली.

बॅग भरली. निघताना सायचा रिकामा डबा बघायला गेले. तो रिकामा—

२७ ऑक्टोबर

साय आहे.

मीच पुरली होती. मातीचे कण अजून तिच्या अंगाला आहेत. डोक्यावर, मानेवर माझी कातडी. तळहाताच्या रेषा ओळखू येतात. आयुष्यरेषा तिच्या पाठीवर—

पण कातडी अर्ध्या अंगापर्यंतच आलीय. पुढे साय उघडी आहे. थरथरते.

मी गेले नाही.

२९ ऑक्टोबर

डाव्या हाताची कातडी देऊन झाली. मलम लावलं नाही. लावलं तर सालपट तिच्या अंगाला धरत नाही.

आई फोन करतेय. उचलायला बोटं—

बाकीची तिघंही बाहेर आलीत. रांगेनं थांबलीत. त्यांनाही थंडी वाजते.

३० ऑक्टोबर

उजव्या हातानं लिहितेय. शेपटीकडचं एवढंसं राहिलंय, त्याला हाच हात— थांब ग साय, एवढी ओळ. तुला कुणी दिली नाही, मी देते. सगळी घे. फक्त पुन्हा मला सोडून जाऊ