मागची पिंपं

ताई,

रंगाच्या कारखान्याचं ऑडिट करताना गोदामातली पुढची पिंपं तेवढी मी उघडली आणि ताळेबंदावर सही केली. मागची रिकामी होती. त्याच ताळेबंदावर तुझ्या पतसंस्थेने कारखान्याला कर्ज दिलं, ते बुडालं आणि पतसंस्थेने भरपाईसाठी माझ्यावर दावा लावला.

माझे वकील म्हणतात, "ताळेबंद बघून कोणी कर्ज देणार आहे हे ठाऊक नव्हतं, एवढंच उद्या कोर्टात सांगा. सुटाल."

पण कर्ज देण्याआधी तू फोनवर हसली होतीस. "सही तुझी आहे ना, बाळ्या? मग मी डोळे झाकून देते." मी म्हणालो, "दे की."

उद्या मी ते नाकारणार. खरं बोललो तर राहतं घर जाईल. हे पत्र पाठवलं तर तोच तुझा पुरावा होईल. म्हणून पाठवत नाही.

तुझा म्हणवायला न धजणारा,
बाळ्या