एका दाताचे हत्ती

७ जानेवारी १९५१, जव्हार

...त्या दिवशी सकाळी मी नागलीचं पीठ चाळत होते. विहिरीच्या खेपा झाल्या होत्या. लाकडं ओली, चूल धरत नव्हती. हे चहाचा कप घेऊन मागल्या खोलीत लढाईच्या टेबलाशी उभे. मी चुलीपासूनच ओरडले, "कप नदीवर ठेवू नका, डाग पडेल." नदी म्हणजे धोतराचा पट्टा, निळीत बुडवलेला. झेलम.

ह्यांनी उजव्या टोकाच्या लाकडी हत्तीवर बोट ठेवलं. सरकवला नाही. "बघू आल्यावर," म्हणाले आणि मोखाड्याकडे मोजणीला गेले. तिकडेच ताप भरला. गाडीतून आणलं ते बोलण्याच्या पलीकडे.

चाळणीत पीठ तसंच राहिलं होतं.

आज चूल पुन्हा धरेना, म्हणून हे सगळं आठवलं. हे जाऊन आता दोन वर्षं होतील. खेळी अजून ह्यांचीच आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. मला कोण बोलावणार. दुपारी टेबल पुसलं. एक शिपाई उचलायचा, फडक्याने पुसायचा, होता तिथेच ठेवायचा, मग दुसरा. दोन उचलले की घोटाळा होतो. पुसायला अख्खी दुपार जाते. बरंच आहे.

शेजारच्या गोदाक्का तिळगूळ घेऊन आल्या. दारातून म्हणाल्या, "झाली का गं बाहुल्यांची आंघोळ?"

"झाली. तुमचीच राहिलीय," म्हटलं.

हसल्या. बसल्या नाहीत.

११ फेब्रुवारी

खानेसुमारीचा माणूस आला. ठाण्याकडचा, तरुण.

"घरात माणसं किती?"

"एक."

लिहून घेतलं. पाणी मागितलं. मागली खोली दिसली तसा दारातच थांबला. "हे काय मांडलंय?"

सांगितलं. सिकंदर आणि पोरसाची लढाई. माझे यजमान संस्थानात नकाशे काढायचे. तिथला इंजिनियर साहेब विलायतेला परत गेला तेव्हा शिपायांचे साचे ह्यांना देऊन गेला. शिसं वितळवून ओतायचं, कानशीने घासायचं, मग रंग. पण साहेबाच्या साच्यांत सगळे ग्रीकच. पोरसाची फौज ह्यांनी स्वतः केली. माणसं शिशाची. हत्ती पांगाऱ्याच्या लाकडाचे, मोखाड्याच्या लहानूबाबांकडून कोरून घेतले.

तो वाकून बघत होता. "हत्तींना एकच दात कसा?"

लहानूबाबा बोहाड्याच्या उत्सवाची सोंगं, म्हणजे देवदानवांचे मुखवटे, कोरतात. हत्ती त्यांनी पाहिलेला नाही. पाहिलाय तो गणपतीचा मुखवटा, दरसाल रंगवतात. म्हणून सगळ्या हत्तींचा डावा दात अर्धा. हे आधी कपाळाला हात लावून बसले होते, मग इतके हसले की ठसका लागला. "राहू दे. आमचे हत्ती असेच," म्हणाले.

पण मग अडचण आली. लढाईत हरलेलं सोंगटं टेबलावरून उचलायचं असतं. गणपती कसा पाडणार? तेव्हा नियम केला. हत्ती हरला तर उचलायचा नाही, तोंड फिरवून मागे वळवायचा. वळलेला हत्ती आपल्याच माणसांत शिरतो. सिकंदराकडून खेळणाऱ्या भास्कररावांना नियम पटला, कारण त्यात त्यांचाच फायदा.

माणूस म्हणाला, "पोरस हरला होता ना?"

"पुस्तकात. इथे अजून ठरलेलं नाही."

तो गेल्यावर वाटलं, एवढं बोलले मी. कित्येक दिवसांत एवढं बोलले नव्हते.

२५ फेब्रुवारी

भास्करराव आले! ओट्याच्या पायरीवरच उभे. हे गेल्यापासून हा माणूस आत आलेला नाही, रस्त्यात भेटला तर टोपी सावरून पुढे जातो. बाईमाणूस एकटी राहते त्या घरात कसं यायचं, हे मलाही कळतं. पूर्वी दर रविवारी असायचे. संस्थानच्या बँडात कॉर्नेट वाजवायचे. त्यांनी सिकंदराची सगळी फौज बँडाच्या लाल कोटात रंगवली. हे चिडवायचे, "लढायला आलेत की वरातीला?" विलीनीकरणानंतर बँड गेला, कोट गेले. आता लाल कोट फक्त आमच्या टेबलावर.

"वहिनी, मी नाशिकला जातोय. मुलीकडे. बोहाडा झाला की."

"कायमचे?"

"आता इथे काय वाजवायचंय."

मग चपलेकडे बघत विचारलं, "टेबल आहे अजून?"

"आहे तसंच."

"मग असं करू. बरोबरी म्हणू. माझी माणसं मी नेतो, तुमची तुम्ही पेटीत ठेवा. नाहीतर त्यांची खेळी तुम्ही..."

मी विचारते म्हटलं. कोणाला विचारणार होते कोण जाणे.

२६ फेब्रु.

ग्रीक नेले तर हत्ती कशाकडे तोंड करून उभे राहणार?

आणि मी खेळले तर ह्यांची खेळी संपली. मग हे कुठे गेलेत, कधी येणार, असं काही उरतच नाही. मूर्खासारखं आहे, माहीत आहे. पण लिहून ठेवते.

४ मार्च

नियमांचे कागद काढले. जुन्या नकाशांच्या पाठीवर ह्यांच्या अक्षरात. मी वाचायला शिकले ते ह्याच कागदांवर, लग्नानंतर, स्वयंपाक झाल्यावर. पहिला शब्द वाचला तो ‘घोडदळ’. पायदळ मोजायच्या सुतळीची एक गाठ चालतं, घोडदळ दोन. हत्ती एक गाठ, पण त्याच्या जवळ आलेला घोडा बिचकतो. लागलं-चुकलं कवड्यांनी ठरवायचं.

ह्यांनी पोरसाचे काही स्वार रंगवायचे ठेवले होते. पांढरेच आहेत. गेरू भिजवला, दिव्याची काजळी, धावड्याचा डिंक. पहिला स्वार बिघडला, पुसला, परत केला.

१८ मार्च

उजव्या टोकाचा हत्ती रोज बघते. त्याच्या समोर नदी उतरून आलेले लाल कोटाचे स्वार. पुढे काढला तर घोडे बिचकतील, पण बाजू उघडी पडेल. नाही काढला तर ते वळसा घालून पाठीमागे येतील. ह्यांना काय करायचं होतं? बोट ठेवलं होतं. ते काढायला की थांबवायला?

स्वार झाले सगळे. डोळे राहिलेत. लहानूबाबा सोंगाचे डोळे शेवटी काढतात, हेही तसंच करायचे.

२ एप्रिल

मोखाड्याला गेले होते, नणंदेच्या गावी जायच्या निमित्ताने. लहानूबाबांच्या अंगणात मुखवटे वाळत होते. रावण, नरसिंह, गणपती. म्हातारे झालेत, पण हात तसाच. मी डोळ्यांचा ब्रश मागितला, खारीच्या शेपटीचा. कुणासाठी विचारलं तसं सगळं सांगितलं.

"बाय, तुझ्या घरचा सोंग कोन धरतो आता?"

"कोणी नाही. तसंच ठेवलंय."

"असा नाय ठेवत." गणपतीच्या कानाला रंग लावत होते, वर बघितलं नाही. "आमच्यात मानूस मरला तरी त्याचा सोंग निघतो. घरातला कोन पन उभा राहतो. पोरगा नाय तर पुतन्या. सोंग घराचा आहे, मान्साचा नाय."

"बाई उभी राहते?"

हात थांबला. म्हणाले, "नाय पाहिली." मग हसले. "पन मी हत्ती बी नाय पाहिलेला. केला का नाय?"

ब्रशाचं काही घेतलं नाही. परतीच्या गाडीत मोहाच्या फुलांचा वास सगळीकडे. पदर नाकाला लावून बसले. रडू आलं, पण ते वासानेही येतं.

८ एप्रिल

भास्कररावांना निरोप धाडला. बरोबरी नको, खेळायला या.

गोदाक्कांना बसायला बोलावलं. त्या सुपारीचं तबक घेऊनच आल्या आणि दार उघडं ठेवून बरोबर चौकटीत बसल्या. गल्लीला दिसावं म्हणून.

भास्करराव आत आले, टोपी काढली, टेबलावर वाकले. मग म्हणाले, "स्वार कोणी रंगवले?"

"मी."

"डोळे चांगले आलेत. माझ्याकडे रागाने बघतायत."

"बघणारच."

गोदाक्का मधेच, "ह्यात जिंकलं कोण?"

"अजून कोणी नाही, अक्का."

"मग इतकी वर्षं करत काय होतात?"

मी विचारलं, ह्यांच्या मनात काय होतं, तुम्हाला कधी बोलले का? भास्करराव म्हणाले, "वहिनी, मी सिकंदर. पोरस मला कशाला सांगेल?"

म्हणजे कोणालाच माहीत नाही. असं वाटलं होतं की निदान त्यांना ठाऊक असेल.

सुतळी हातात घेतली. हत्तीवर बोट ठेवलं. ह्यांचं होतं तिथेच, सोंडेच्या वर. मग एक गाठ पुढे काढला. एवढंच. आवाजसुद्धा झाला नाही.

कवड्या मी टाकल्या. वाईट पडल्या. परत टाकायच्या नसतात. घोडे बिचकले नाहीत, हत्तीच हरला. भास्करराव हात लावेनात. "तुम्ही वळवा," म्हणाले. मी वळवला.

"बरोबर होती खेळी," ते हळू म्हणाले. "कवड्यांचं काय."

चूक होती का बरोबर, ते त्यांनाही माहीत नाही. तरी बरं वाटलं.

आता खेळी त्यांची. सुतळी उचलली, खाली ठेवली, टेबलाला फेरी मारली. गोदाक्का कंटाळून घोरायला लागल्या. शेवटी टोपी घातली. "घाई करून जिंकायचं नाही मला. विचार करू दे."

"नाशिकला जाताय ना?"

"तिथे काय विचार करता येत नाही? माणसं राहू देत इथेच."

१५ एप्रिल

बोहाडा झाला. मी गेले नाही. संबळ इथवर ऐकू येत होता.

२३ एप्रिल

काल भास्करराव गेले. मोटारीपाशी गोदाक्का आणि मी दोघी गेलो होतो. शिदोरीला नागलीच्या भाकरी दिल्या. खिडकीतून म्हणाले, "उजवीकडे फार लक्ष देऊ नका, वहिनी. डावी बाजू बघा." खरं सांगितलं की फसवायला, कळलं नाही. गाडी सुटल्यावर गोदाक्का म्हणाल्या, "येतोय कसला." घरी येऊन जेवले नाही.

आज सकाळी पाणी भरलं, पीठ चाळलं, मग टेबल पुसायला घेतलं. एक एक. हत्तींच्या आजवर मला पाठीच दिसायच्या, तोंडं नदीकडे. उजव्या टोकाचा उचलला, अर्ध्या दातातली धूळ काढली आणि वळवला होता तसाच, तोंड माझ्याकडे करून ठेवला. चहा तिथेच उभ्याने घेतला.