तिले काहीच याद नही

सुलूअक्का,

नमस्कार लिहीत नाही. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, तेच बरं झालं.

आखाजीच्या सणाला आपण दोघी माहेरी आलो. झोक्यावर बसून मी तुझ्या आळशी नवऱ्याचं गाणं म्हटलं, जमलेल्या बठ्ठ्या बाया एकजात हसल्या आणि तू मागून दोन्ही हातांनी मला ढकललंस. डोकं निंबाच्या खोडावर आपटलं. मेंदूला हलका मार. तीन आठवडे मोबाईल नाही, टीव्ही नाही, ऊन नाही.

तू गावभर सांगितलंस, "तोल गया तिना. तिले काहीच याद नही."

मीही तेच सांगत राहिले.

आता मी भाकरी थापते, कापूस वेचते, स्कूटीवर चोपड्याला जाते. पुढच्या आखाजीला झोक्यावर तू बस. मागे मी उभी राहीन.

म्हणून हे पत्र टाकत नाही. वाचलंस तर बसणार नाहीस.

तुझी धाकटी,
हेमलता