टेलपर्यंत रेंज

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचे संकल्प : गोड बंद. पहाटे फिरणे. रागावणे नाही.

सकाळी पोहे खाताना धम्मदीपने बातमी दिली. तो आणि पायल कर्वेनगरला भाड्याचा फ्लॅट बघताहेत. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. कोथरूडमध्ये बापाचं स्वतःचं घर, आणि मुलगा-सून भाड्याने राहणार! कारण विचारलं. दोघं थोडा वेळ पोहे चिवडत बसले. मग धम्मदीप म्हणाला, बाबा, मागच्या खोलीत वायफायची रेंज येत नाही, घरून काम करताना मीटिंग तुटतात. पायलने लगेच मान डोलावली.

एवढंच? मी तर घाबरलोच होतो.

सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली माझी. धरणात पाणी भरपूर, पण टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोचत नाही. हाच प्रश्न आयुष्यभर सोडवला. (टेलच्या शेतकऱ्यांनी माझ्या ऑफिसला कुलूप लावलं होतं, ते वेगळ्या कारणासाठी.) सिग्नल म्हणजे तरी काय, पाणीच. हॉलमधला राउटर हे धरण. मागची खोली हा टेल. मध्ये बूस्टर बसवला की काम झालं. रेंज पोचणार आणि या घरातून कोणीही कुठेही जाणार नाही.

चहात साखर घेतली. प्रसंगच तसा होता.

६ जानेवारी, मंगळवार
तपकीर गल्लीतून बूस्टर आणला. दोन अँटेनावाला. दुकानदार त्याला रिपीटर म्हणत होता. घर केवढं आहे विचारलं, सांगितलं, तर म्हणाला, काका, एवढ्याशा घराला खरं तर लागत नाही. विकणाराच असं बोलायला लागला तर कठीण आहे.

पॅसेजमध्ये बसवला आणि लगेच पाहणीसाठी मागच्या खोलीत गेलो. पायल मीटिंगमध्ये होती. मी बनियनवर होतो. स्क्रीनवरच्या सगळ्यांनी मला पाहिलं, बंगळूरच्या एका गृहस्थांनी हात जोडून नमस्ते केलं. म्हणजे चित्र अगदी स्वच्छ जात होतं.

संध्याकाळी हे सांगितलं तर धम्मदीप म्हणाला, बाबा, दार वाजवून येत जा ना. स्वतःच्या घरात दार वाजवायचं? मी काय कुरिअरवाला आहे?

९ जानेवारी, शुक्रवार
रेंज आहे का विचारलं. धम्मदीप म्हणाला, आहे तशी, पण मध्येच जाते. कधी जाते? सांगता येत नाही. कुठे जाते? म्हणाला, बाबा, मला काय माहीत. इंजिनिअरच्या तोंडी हे उत्तर!

दुसरा बूस्टर आणून थेट त्यांच्याच खोलीत, पलंगाच्या डोक्याशी बसवला. निळा दिवा लुकलुकतो. चंद्रभागा म्हणाली, अहो, नवराबायको झोपतात तिथे, त्यांच्या डोक्यावर दिवा कशाला? बायकोला तांत्रिक बाबी समजावण्यात वेळ घालवायचा नाही, हे मी लग्नानंतर लगेच ठरवलं होतं.

पहाटे फिरणे सोमवारपासून.

११ जानेवारी, रविवार
खोलीतला बूस्टर बंद आढळला. चालू केला. जेवून परत गेलो, पुन्हा बंद! व्होल्टेजचा प्रश्न दिसतो. बटणावर चिकटपट्टी लावून चिठ्ठी डकवली : ‘हे बटण बंद करू नये. रेंज सर्वांची आहे.’

पाहणीच्या वेळा ठरवल्या. सकाळी बुद्धवंदना झाल्यावर एकदा, दुपारी एकदा, रात्री जेवणाआधी एकदा. शिवाय शंका आल्यास.

१३ जानेवारी, मंगळवार
चिकटपट्टी निघालेली. चिठ्ठी केराच्या डब्यात. कामवाल्या मथुराबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला त्या खोलीत जायला मिळतंच कुठं, आतनं कडी असती.

कडी!

तेव्हा लक्षात आलं. दार बंद, म्हणजे वाटच बंद. कालव्याचं गेट बंद करून टेलला पाणी मागण्यातला प्रकार. दार चोवीस तास उघडं ठेवण्याचा तोंडी आदेश काढला. पायल काही बोलली नाही. मुलगी समजूतदार आहे, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

१६ जानेवारी, शुक्रवार
आदेशाची अंमलबजावणी नाही. कडी पुन्हा लावलेली. शिवाय कडी लोखंडी. लोखंड सिग्नल खातं.

दोघं ऑफिसला गेल्यावर कडी काढून टाकली. चार स्क्रू, एक कोयंडा, विषय संपला. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, काम नीटनेटकं झालं.

चंद्रभागाने दारापाशी उभं राहून सगळं पाहिलं आणि आत निघून गेली. रात्री वाढताना भाताचं पातेलं जरा जोरात आपटलं. गॅसचा ओटा जपून वापरावा, असं सुचवलं.

१८ जानेवारी, रविवार
जिन्यात समोरच्या फ्लॅटमधले गोपाळकृष्ण भेटले. निवृत्त शिक्षक. म्हणाले, साहेब, आपलं वायफाय आमच्या न्हाणीघरापर्यंत पोचतं हो हल्ली. आपल्या मुलापर्यंतच तेवढं पोचत नाही म्हणे. मी म्हटलं, तिसऱ्या बूस्टरची ऑर्डर गेली आहे. ते म्हणाले, वा, म्हणजे आता मुलगा कुठेही गेला तरी सुटत नाही.

कौतुकच केलं. पण या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

२१ जानेवारी, बुधवार
ऐतिहासिक दिवस.

घरात कोणी नव्हतं. मागच्या खोलीत खुर्ची टाकून कसून चाचणी घेतली. भीमगीतांचा कार्यक्रम अखंड दिसला, एकदाही अडकला नाही. धाकट्या मेव्हण्याला व्हिडिओ कॉल लावला, तो नांदेडहून जय भीम म्हणाला ते शेजारी उभा असल्यासारखं ऐकू आलं. पाचही दांड्या भरलेल्या!

उठताना पाहिलं तर कालच आलेला तिसरा धरून तिन्ही बूस्टर बंद. सकाळी मीच गीझरच्या लाइनचा फ्यूज काढला होता, त्याच लाइनवर तेही आहेत.

दहा मिनिटं विचार केला. उलगडा झाला. इतके दिवस सिग्नल सोडल्यामुळे तो भिंतीत मुरला आहे. कालव्यालगतच्या विहिरींना पाणी असतं तसंच.

रात्री जेवताना जाहीर केलं : रेंज पूर्ण आहे, फ्लॅटचा विषय रद्द. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धम्मदीपने पायलकडे पाहिलं, पायलने ताटाकडे. मग धम्मदीप म्हणाला, बाबा, इथून ऑफिससुद्धा लांब पडतं. मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. कर्वेनगरहून ऑफिस आणखी लांब आहे! नकाशा पटकन उघडला, हेही निदर्शनास आणलं.

तो हळूच म्हणाला, बाबा, चावी मिळालीय. एक तारखेला जातोय आम्ही.

रागावलो. पण आवाज चढवला नाही, फक्त पाणी पिताना ग्लास हातातून निसटला.

२२ जानेवारी, गुरुवार
झोप लागली नाही. चंद्रभागाला विचारलं, सगळं करून दिलं, रेंज पोचवली, तरी का जाताहेत? ती म्हणाली, अहो, त्यांना रेंजबाहेरच जायचंय.

अर्थ लागला नाही. तिला हे शब्द कसे वापरतात ते ठाऊक नाही.

२६ जानेवारी, सोमवार
सोसायटीत झेंडावंदन. संविधानावर बोलायला मला सांगितलं होतं. व्यक्तिस्वातंत्र्यावर बोललो. चांगलं झालं. पायल पुढे बसली होती, ‘प्रत्येकाला आपलं आयुष्य आपल्या मर्जीने जगण्याचा हक्क आहे’ या वाक्याला एकटीनेच जोरात टाळ्या वाजवल्या. सून ऐकणारी मिळाली. मग का जाते?

१ फेब्रुवारी, रविवार
टेम्पो आला. सामान उतरवायला मदत केली नाही. गॅलरीत पेपर वाचत बसलो. पेपर कालचा होता.

पायल पाया पडायला आली. पेपरमागूनच मान हलवली. जाऊ देत. चार दिवसांत मीटिंग तुटतील, नेट अडकेल, आणि धावत येतील. मग मीही लगेच हो म्हणणार नाही. खोलीची अवस्था, त्यांची गैरसोय, सगळ्याचा विचार करून निर्णय घेईन.

३ फेब्रुवारी, मंगळवार
फोन नाही. रेंज नसणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार
चंद्रभागा रोज त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते असं आज कळलं. रेंज कशी आहे विचारलं. म्हणाली, छान हसतात दोघं. मी रेंजचं विचारलं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
बापाने मोठं मन दाखवायचं असतं. तिन्ही बूस्टर पिशवीत घालून कर्वेनगरला गेलो. न कळवता, म्हणजे खरी परिस्थिती दिसते.

बेल वाजवली. आत कडी सरकल्याचा आवाज आला. पायल दार उघडून आधी दचकली, मग आनंदली. नक्की कोणत्या क्रमाने, ते पाहण्याइतका मी लहान मनाचा नाही. खोल्या दोनच. एकच खुर्ची, ती मला दिली. कोपऱ्यात बुद्धमूर्ती, पुढे मोगऱ्याची दोन फुलं. धम्मदीप ओट्याशी कांदा चिरत होता. आमच्याकडे त्याने कधी सुरी धरली नव्हती.

मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि विचारलं, राउटर कुठे बसवलाय?

धम्मदीप म्हणाला, कनेक्शन घेतलंच नाही अजून. मोबाइलवरच चालतंय. मीटिंग? त्यावरच होतात. तुटत नाहीत? तो पायलकडे बघून म्हणाला, नाही बाबा.

नेटच नाही घरात. आणि दोघं मजेत.

पिशवी खुर्चीखाली सरकवली. पायलने चहा दिला, साखर न विचारता घातलेली, मीही प्यायलो. बूस्टर काढलेच नाहीत. निघताना ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, बाबा, येत जा हं, फक्त आधी फोन करा. मी म्हटलं, रेंज असली तर करीन.

ताठ मानेने उतरलो. मागे पाहिलं नाही. बसस्टॉपवर पोचलो, तिथल्या बाकावर बसलो आणि फोन लावला. पुढच्या रविवारी येऊ का, असं विचारलं. पायल म्हणाली, या ना बाबा, चारनंतर या.