साठीच्या आतले डुंबरे

१३ एप्रिल, रविवार

आज ‘आपलं कूळ मंडळ, डोंबिवली पूर्व’च्या मासिक बैठकीत माझा वंशवृक्ष सादर केला. शाळेचा वर्ग मिळालेला. बाकं पहिलीची, त्यामुळे सगळे गुडघे छातीशी घेऊन बसलेले. माझा चार्ट मात्र ए-वन. खाली ओतूरकडचे मूळ पुरुष, शेंड्याला मी. टाळ्या.

मग सेक्रेटरी गोपीनाथ तांबे उठले. रिटायर झाल्यापासून हा माणूस दुसऱ्यांच्या पूर्वजांवर जगतो. चष्मा कपाळावर चढवून झाडाकडे बघत राहिले आणि एकदम आनंदाने ओरडले, "अहो डुंबरे, तुमच्याकडे एकाही पुरुषाने साठी गाठलेली नाही!"

खरंच. पणजोबांना बैलाने मारलं. आजोबा आंब्यावरून पडले. वडील छातीत कळ येऊन गेले. सगळे साठीच्या आत. तांबे म्हणाले, फार इंटरेस्टिंग पॅटर्न आहे, ठाण्याच्या मेळाव्यात यावरच बोला.

मला १ जूनला साठ पूर्ण होतील.

घाबरलेलो नाही. नोंद म्हणून लिहितोय.

१४ एप्रिल, पहाटे

झोप नाही. उकाडा.

निश्चय. एक, बैलांपासून लांब राहायचं. दोन, उंचावर चढायचं नाही. तीन, छाती.

तीन नंबरचं नक्की काय करायचं ते ठरायचंय.

शेवंतीला सांगायचं नाही. बायका उगाच घाबरतात.

१९ एप्रिल

शेवंती म्हणाली, माळ्यावरची लोणच्याची बरणी काढून द्या. स्टुलावर चढायला नकार दिला. स्टूल हलतं, असं कारण सांगितलं. ती स्वतः चढली, बरणी काढली, वर उभ्या उभ्या दोनदा हलून दाखवलं आणि उतरली. स्टूल हलत नाही.

दुपारी तिला समोर बसवलं. म्हटलं, बाईमाणसाला सगळं यायला हवं, उद्याचं काय सांगता येतं. लाइट बिल ऑनलाइन कसं भरायचं ते नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, गेली कित्येक वर्षं मीच भरते.

मग मी काय भरत होतो?

२७ एप्रिल, रविवार

मोठा निर्णय. दिशाचा साखरपुडा मेमध्ये उरकायचा. मुलगा हर्षित, ठाण्याचा, दोघं एकाच ऑफिसात. दोन्ही घरांनी मिळून डिसेंबर ठरवलेला. मी म्हटलं, डिसेंबरात थंडी असते.

दिशा म्हणाली, "बाबा, ठाण्यात?"

मी आवाज चढवला. एरवी चढवत नाही, त्यामुळे मधेच फाटला. शेवटी मे ठरला. घरात माझा शब्द अजून चालतो, हे बघून बरं वाटलं. दिशा जेवली नाही.

४ मे

साखरपुड्याच्या फुलांची चौकशी करायला कल्याणला गेलेलो. मार्केटच्या बाहेर वळलो तर समोर बैल. काळा. रस्त्याच्या मधोमध. माझ्याकडेच बघत होता.

पणजोबा आठवले. आधी हळू चाललो. तो मागे आला. मग पळालो. तोही पळाला. रिक्षा स्टँडवर मिळेल त्या रिक्षात शिरलो, आत आधीच एक बाई बसलेल्या, त्या किंचाळल्या. बैलाने तोंड आत घातलं, माझ्या पिशवीतली पालकाची जुडी ओढून काढली आणि तिथेच उभा राहून खायला लागला.

रिक्षावाला म्हणाला, "अंकल, गाय आहे ती."

माझ्या दृष्टीने फरक नाही. छाती घरी येईपर्यंत धडधडत होती. म्हणजे एक नंबर आणि तीन नंबर एकाच वेळी. प्रकरण गंभीर आहे.

१३ मे

दिशा ऑफिसला गेली नाही. माझ्या कपाटातले सगळे कपडे पलंगावर. मी आत गेलो तर म्हणाली, "रिपोर्ट कुठे ठेवलेत?"

कसले रिपोर्ट?

तेव्हा ती रडायला लागली. तिला वाटत होतं मला काहीतरी मोठं झालंय आणि मी लपवतोय. घाईने साखरपुडा, आईला बिलं शिकवणं, रात्रीचा भात सोडणं. ती इतकी रडली की सगळं सांगून टाकावं लागलं. पणजोबा, आजोबा, वडील, १ जून.

आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. म्हणाली, "बाबा, ठमाआत्यांना विचारलंत का?"

ठमाबाई म्हणजे माझी सख्खी आत्या, कल्याणजवळ मोहन्याला असते. नव्वदी ओलांडली, पण डोकं शाबूत. तांबेही तिचंच नाव घेत असतात. म्हणतात, चार्टवर जिवंत साक्षीदार एकच, आणि तिलाच तुम्ही सोडलंत.

सोडलं नाही. वेळ मिळत नाही. उन्हं किती आहेत. आणि तिकडे कुत्री फार.

(आत्याने सांगितलं, हो बाबा, आपल्या घराण्याला शापच आहे, तर? न विचारलेलं बरं. न विचारलेलं नक्की नसतं.)

१८ मे, रविवार

साखरपुडा झाला. दिशा छान दिसत होती. हर्षित वाकून पाया पडला तेव्हा ‘शतायुषी हो’ म्हणायला गेलो आणि ‘शता’पर्यंतच आलो. त्याला वाटलं मी नाराज आहे.

जेवणं चालू असताना फोटोग्राफरला बाजूला घेऊन एक फोटो काढायला सांगितला. एकट्याचा. छातीपर्यंत. बॅकग्राउंड प्लेन. म्हटलं, हसरा नको, पण अगदी दुःखीही नको. शेवंती पंगतीत वाढत होती. वाढता वाढता थांबून बघत राहिली. हा फोटो कशासाठी ते तिला कळलं.

परत येताना रिक्षा केली. पूर्ण रस्ताभर माझा हात धरून बसलेली. लग्नानंतर असा किती वेळा धरला असेल.

उतरताना म्हणाली, "रविवारी मोहन्याला जायचं. मी बरोबर येते."

२५ मे, रविवार

मोहन्याला जाऊन आलो.

गल्लीत कुत्री होती. शेवंती पुढे, मी तिच्या मागे. आत्या दारातच खुर्ची टाकून लसूण सोलत बसलेली. पाया पडलो. ती म्हणाली, "आरं, तुझं तोंड असं का झालंय? भाजी उकडल्यावाणी?"

शेवंतीला दिशाकडून सगळं कळलेलं, तिनेच सांगितलं. मी जमिनीकडे बघत होतो. आत्या ऐकत होती आणि लसूण सोलत होती. संपल्यावर म्हणाली, "साठीच्या आत? कोण म्हणलं?"

म्हटलं, दाखले आहेत. सगळे दाखले जमवलेत मी.

"दाखल्याला काय कळतंय! तुझा आजा आंब्यावरनं पडला तवा त्याच्या तोंडात एक दात न्हवता. ऐंशीचा झाला आसंल."

"मग झाडावर कशाला चढले?"

"पोरांवर भरवसा न्हवता त्याचा. ती कच्चेच उतरवत्यात म्हनायचा. मुंबईला गिरणीत लागायचं म्हून तरुणपणी वय कमी लावलं, ते कमीच राह्यलं. पणजा तर तरणा दिसावं म्हून दाढी करून तलाठ्याकडं गेलेला. आन् बैलानं मारलं म्हंजी काय, ह्यो म्हातारा उधळलेल्या बैलाच्या आडवा गेला. सत्तरी झाल्याली. कुणी सांगितलं व्हतं?"

मी विचारलं, "आणि दादा?" वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

आत्याचे हात पहिल्यांदा थांबले. म्हणाली, "त्याची साठी मी केली. ह्याच घरात. पुरणपोळ्या केल्या. तूबी व्हतास की. तीन खाल्ल्यास. कशाच्या म्हून इचारलं न्हाईस."

पोळ्या आठवल्या. खरंच विचारलं नव्हतं.

मग म्हणाली, "आन् तुला कुठं साठ लागत्यात आता? तू पानशेत फुटलं त्या सालचा. भादवी पोळ्याला झालास, सर्वपित्री आवसंला. भाईर बैलं मिरवत व्हती, आत तुझी आई वरडत व्हती. बापानं मास्तराला सांगून चार वर्सं उतरवली. पोराची नोकरी लांबंल म्हनला. मास्तरानं समद्यांना लावली तशी एक जून लावली."

पानशेत फुटलं १९६१ साली. पहिलीत मी वर्गात सगळ्यांत उंच होतो. आजपर्यंत मला वाटत होतं, घराण्याचा बांधा.

शेवंती हसायला लागली. पदर तोंडात धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबेना, तेव्हा लक्षात आलं, ती आता हसत नव्हती. आत्याने तिला जवळ ओढून घेतलं. मी लसूण सोलला. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

१ जून, रविवार

सकाळी तांब्यांना फोन केला. झाडावरची सगळी वयं चुकीची आहेत, हे सांगितलं. ते जरा हिरमुसले. म्हणाले, म्हणजे पॅटर्न एकच उरतो, तुमच्याकडे सगळे खोटं वय लावतात. ठाण्याच्या मेळाव्यात तेवढ्यावर भाषण होणार नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणाचे तरी पेशव्यांच्या पदरचे पूर्वज घेतलेत.

आज वाढदिवस नाही. दिशाने तरी केक आणला. त्यावर मेणबत्त्या किती लावायच्या यावर वाद झाला, शेवटी एकही लावली नाही. हर्षितला सासरा ठरल्यापेक्षा चार वर्षं जुना निघाला, त्याने चालवून घेतलं. चांगला मुलगा आहे.

आता निर्भय जगायचं, असा निश्चय. आजोबांसारखं. फक्त एक हिशोब सकाळपासून डोक्यातून जात नाही. साठी मागे पडली हे ठीक, पण मग सत्तरी किती जवळ आली.

संध्याकाळी शेवंतीने विचारलं, "तुमची खरी साठी झाली त्या दिवशी आपण काय करत होतो हो?" कॅलेंडरच्या ॲपवर मागे जाऊन तिनेच तारीख शोधली. सर्वपित्री अमावास्या, ६ ऑक्टोबर २०२१, बुधवार. मी पलंगाखालून त्या वर्षाची डायरी काढली. म्हटलं, माणसाच्या साठीचा दिवस, काहीतरी जाणवलं असणारच.

मोठ्याने वाचून दाखवलं. एवढंच होतं: ‘विशेष काही नाही. दूध नासलं. दिवसभर उगाच भीती वाटत राहिली, कशाची ते कळलं नाही.’