क्रमांक ४१९

सोमवार, ३
आज रुजू झालो. पंचवीस वर्षं संस्कृत व्याकरण शिकवलं, आता नोंदणी कचेरीत संगणकापुढे. खुर्चीचे चारही पाय शाबूत आहेत, म्हणजे चैनच म्हणायची. काम सोपं: आमच्या गावाची आणि नदीपलीकडच्या ओस पडलेल्या गावाची यादी एक करायची. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, पुढे रकाने: डोळे, हात, खूण, आई, स्थिती. क्रमांक जुळला की माणूस एकच धरायचा. रकाने भिडले तर नंतरच्या यादीचं खरं. व्याकरणातही नंतरचा नियमच जिंकतो, तेव्हा मला परकं काही वाटलं नाही.

कचेरीतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, मास्तर, नव्या माणसाने पहिली चाचणी आपल्याच घरावर करायची, ही इथली रीत. मी ४१७, बायको ४१८, लेक ४१९. पलीकडची यादी अर्धीमुर्धीच उरलेली; तिच्यात तिघांपैकी फक्त लेकीचा क्रमांक सापडला. यंत्राने दोन्ही नोंदी निमूट एक केल्या. महिन्यापूर्वीच आमच्याबरोबर या गावात आलेली आठ वर्षांची पोर पलीकडे कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण जेवणाची सुट्टी झाली होती.

बुधवार, ५
लेकीचे डोळे कालपासून घारे दिसतात. आज ती डाव्या हाताने लिहायला लागली. बायको म्हणते, बापावर नाही गेली हेच नशीब.

गुरुवार, ६
हनुवटीवर व्रण. जुना, भरलेला. ती कधी पडलीच नव्हती.

कचेरीत धावत जाऊन पलीकडची यादी उघडली. दोन्ही कचेऱ्यांनी मोजणी एकपासून केली होती. त्यांची ४१९ दुसरीच कुणी मुलगी. डोळे घारे, हात डावा, हनुवटीवर व्रण, आई निराळी. शेवटच्या रकान्यात: मयत.

रोज एक रकाना. उद्या आई. परवा—

शुक्रवार, ७
सकाळी लेक आईला काकू म्हणाली. बायको हसली, मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

बाईंकडे जुनी प्रत मागितली. त्या म्हणाल्या, अहो, चाचणी घरावर एवढ्यासाठीच करायला लावतो, म्हणजे माणूस आधी प्रत काढून ठेवतो. तुम्ही नाही काढलीत?

नाही काढली.

एकदा एक झालेल्या क्रमांकावर पुन्हा दुसरी यादी चढत नाही, आणि उद्या तिथे मयत येणार. नवा क्रमांक मिळायला महिना. माझ्याकडे एक दिवस. आणि एक क्रमांक. माझा.

शनिवार, ८
पहाटेच तिसरी यादी केली: माझ्या ४१७ वर लेकीची नोंद. रकाने उलटे लावले, स्थिती आधी. जिवंत. आई: बायकोचं नाव. मग खूण नाही, हात उजवा, डोळे तपकिरी. सगळं आठवणीतून. तिचे पाय गार पडत होते.

चालवली.

दुपारी ती उठून बसली. भूक लागली म्हणाली.

रविवार, ९
बायकोला मी आई म्हणालो. दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

सोमवार, १०
दाढी करायला आरशापुढे— हनुवटी गुळगुळीत. लहान.

मंगळवार, ११
बाई घरी आल्या. विचारलं, घरात माणसं किती. बायको म्हणाली, दोघी. मी इथेच उभा होतो. हाक मारली. आवाज लेकीच्या तोंडून—

पेन्सिल तिच्या हातात आहे. उजव्या. अक्षर माझं. ती विचारतेय, हे मी काय लिहि