दोनदा काढलेला हात

मिल्टन, शनिवार, ७ नोव्हेंबर २००९

मुग्धाने भेटायला बोलावलं तेव्हा वाटलं, आता सगळं संपलं. दिवाळीत तिच्या बाबांनी "कॉलेज सोडून लोकांच्या भिंती रंगवतोस?" म्हटल्यावर मी केवढा भडकलो होतो! मूर्खच मी.

ती टोरांटोच्या ज्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर आहे, तिथेच भेटलो. समोर पाचशे वर्षांपूर्वीचं इटालियन कच्चं रेखाटन. आरमाराच्या सेनापतीचं थडगं, वर तो स्वतः; दगडात घडवायचं नाही, चर्चच्या भिंतीवर नुसतं चित्र म्हणून रंगवायचं. कागदभर बारीक चौकटी.

"चौकटी कशाला, सांग?"

"अगं, भिंतीवर मोठं करायला! मंडळाच्या गणपतीमागचं गलबत मी असंच काढलं."

ती हसली. हसली! पण मी बघत होतो सेनापतीचा हात. एकदा चुकलेला, वरून पुन्हा काढलेला. पहिला हात अजून दिसतोय.

"बघ, एवढ्या मोठ्या चित्रकाराने चूक सुधारली. तुला साधं सॉरी म्हणता येत नाही."

तिथूनच तिच्या बाबांना फोन लावला. "काका, चुकलो."

काका खाकरले. मग, "उद्या जेवायला ये. आणि आमच्या बेसमेंटला कुठला रंग द्यायचा तेही बघ."

मुग्धा फोनला कान लावून ऐकत होती. म्हणजे तिचा गाल माझ्या गालाला! काका पुढे काय बोलले, देव जाणे.